मिरगाआधी वाचनालयाचे छप्पर शाकारायचे आहे

गावकरी मंडळी, सभासद, माहेरवाशिणी आणि मुंबईकर चाकरमानी, सर्वांना कार्यकारी मंडळाचा सप्रेम नमस्कार.

गेल्या आषाढात आढ्याजवळच्या रिपा वाळवीने पोखरल्यामुळे कौले सरकली आणि रात्रभर देवघेवीच्या कपाटांवर पाणी गळत राहिले. सकाळी दार उघडले तर पुस्तके फुगून एकमेकांना चिकटलेली. शाळेतली मुले धावत आली. पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घालून त्यांनी चार दिवस पुस्तके पंख्याखाली वाळवली, म्हणून बरीचशी वाचली. दिवाळी अंकांचे जुने बांधीव संच मात्र गेले. ते पुन्हा मिळायचे नाहीत, याचे फार वाईट वाटते.

तेव्हापासून वर ताडपत्री आहे. ती दुसरा पावसाळा काढणार नाही.

सरकारी अनुदान असताना वर्गणी कशाला, असे काहींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्याला अनुदान मिळते, तेही दोन हप्त्यांत. सेवकांचे वेतन, ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रे आणि वीजबिल यांतच ते संपते. कर्नाटकात, तामिळनाडूत ग्रंथालय कर असतो. आपल्या कायद्यात तो नाही. त्यामुळे आपल्याकडे वाचनालय लोकांनीच धरून ठेवायचे असते. रत्नागिरीचे नगर वाचनालय तर 1828 सालचे, म्हणजे हा कायदा येण्याच्या कितीतरी आधीचे.

सकाळी पेपर वाचायला येणारी वडीलधारी मंडळी आपण पाहतोच. पण बाजाराच्या दिवशी जरा वेळ थांबून पाहा. वरच्या वाडीतल्या बायका सुक्या मासळीची पिशवी बाहेर ठेवून आत येतात आणि आठवड्याची कादंबरी बदलून नेतात. संध्याकाळी अभ्यासिकेत जागा मिळत नाही. घरात एकच खोली, तिथेच टीव्ही. मग भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा कुठे? इथे अभ्यास करून पोलिसात लागलेली एक मुलगी परवा स्वतःची सगळी पुस्तके मागच्या मुलांसाठी देऊन गेली.

मंगलोरी कौले, वासे, रिपा आणि सुताराची मजुरी एवढा खर्च आहे. कोणी जुने घर उतरवले असेल तर चांगली कौले, लाकूड जरूर द्या. कौले उतरवायला चार हात आले तरी मोठी मदत होईल. पुस्तके देणाऱ्यांना मात्र एक विनंती : जुनी क्रमिक पुस्तके आणि कसर लागलेले गठ्ठे आणू नका, कसर बाकीच्या कपाटांत पसरते.

देणगी वाचनालयाच्या वेळेत कार्यालयात द्यावी आणि पावती मागून घ्यावी. जमाखर्च दर आठवड्याला दारावरच्या फलकावर लागेल. शिमग्याची पालखी झाली की कामाला हात घालणार आहोत. चाकरमान्यांनो, त्या वेळी गावात असालच; आत येऊन एकदा वर नजर टाकून जा.

– कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय