लस घेतली, पण सीरम?

महोदय,

कुत्रा चावल्यावर ‘इंजेक्शन सुरू केलंय’ एवढ्यावर अनेक कुटुंबे निर्धास्त होतात. जखमेतून रक्त आले असेल, तर ते पुरेसे नाही. लस टोचल्यावर शरीराला पुरेशी प्रतिपिंडे (विषाणूला रोखणारी प्रथिने) तयार करायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. रेबीजचा विषाणू तोवर जखमेतल्या मज्जातंतूत शिरू शकतो आणि तिथे प्रतिपिंडे त्याला सहसा गाठू शकत नाहीत. हा मधला काळ तयार प्रतिपिंडांचे सीरम सांभाळते. ते मुख्यतः जखमेत आणि जखमेभोवती टोचायचे असते. मात्रा वजनावर ठरते: मानवी रक्तापासूनचे सीरम किलोमागे 20 युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचे 40. पहिल्या दिवशी राहिले, तर लसीच्या पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंतच घेता येते. पूर्वी पूर्ण लसीकरण झालेल्यांना ते लागत नाही.

दवाखान्यात निघण्याआधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट कृपा करून लावू नका! दंडाच्या स्नायूत टोचायच्या लसीचे दिवस 0 (म्हणजे पहिल्या मात्रेचा दिवस), 3, 7, 14 आणि 28. जखम भरली म्हणून मध्येच थांबू नये.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाने सीरमचा शिल्लक साठा दर्शनी फलकावर रोज लिहावा, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.