टाकाऊतून व्हेप

महोदय,

मी कार्यानुभवाची निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षं पोरांना 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवलं. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, बाटलीची कुंडी, करवंटीचा दिवा. त्या शिकवणीचं फळ गेल्या महिन्यात माझ्याच घरात सापडलं.

नातू अकरावीत आहे. त्याच्या टेबलावर बॉलपेनच्या नळीची तोंडात धरायची चोच, पाण्याच्या बाटलीचं कापलेलं कडं आणि बिजलीच्या फिटिंगच्या पांढऱ्या पाइपाची डबी, सगळं ग्लू गननं चिकटवलेलं. कडा पॉलिश पेपरनं इतक्या सफाईनं घासलेल्या, की वर्गात असते तर दहापैकी नऊ दिले असते. विचारलं तर म्हणतो, "व्हेपचं सामान आहे आजी. माझं नाही, मित्राचं आहे." मित्राचंच असतं ते, नेहमी. व्हेप म्हणजे ई-सिगारेट, बॅटरीवर तार तापवून वाफ ओढायची.

ओरडले नाही. गॅसवर पाणी उकळत होतं, त्यात ते कडं चिमट्यानं धरलं. बघता बघता आक्रसलं, तळणीतल्या पापडासारखं वळलं. पाणी 100 अंशांना उकळतं. व्हेपची तार 200 च्या वर तापते, आणि तिथली वाफ याच चोचीतून छातीत जाते. पांढरा पाइप पीव्हीसीचा. तो करपला की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि घशातल्या ओलाव्यात त्याचं ॲसिड होतं. पोरगं ऐकत होतं. मग म्हणालं, "मंग स्टीलचं लावलं तर?"

तेव्हा कळलं, नुसतं प्लास्टिक सांगून भागत नाही. म्हणून सेल दाखव म्हटलं. लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटरीतून काढलेला, वरचं वेष्टन फाटलेलं, त्याला सेलोटेप. हा खिशात किल्ल्यांसोबत ठेवायचा! किल्ली दोन्ही टोकांना टेकली की शॉर्ट, आणि लिथियमचा सेल भडकला तर मांडी भाजायला क्षणाचाही अवकाश नाही. त्यात आपला मे महिना, पारा 45 च्या घरात.

कायद्याचं त्याला अर्धंच माहीत होतं. विकायला बंदी, एवढंच. 2019 च्या केंद्रीय कायद्यात ई-सिगारेट बनवणंही गुन्हा आहे, आत निकोटिन असो वा नसो. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. घरी बनवली म्हणून ती घरगुती होत नाही.

पण दोष एकट्या पोट्ट्यांचा नाही. ज्या शहरात चौकाचौकात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा मिळतो, तिथं त्यांना प्लास्टिक-तंबाखूची जोडी वावगी वाटणार कशी? आणि मीही एकतीस वर्षांत कुणाला बाटली उलटी करून बुडाचा त्रिकोण दाखवला नाही. त्यातला आकडा 1 म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक; 3 म्हणजे पीव्हीसी. कशाला आच लावायची नाही, कोणत्या वस्तूचा तोंडाशी संबंध येऊ द्यायचा नाही, हे आमच्या प्रदर्शनांत कधी आलंच नाही. परीक्षक रंगरंगोटी बघून नंबर देत. शाळांनी यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येक वस्तूखाली एवढं तरी लिहून घ्यावं. आणि भंगारवाल्यांनी शाळकरी पोरांना लॅपटॉपचे सुटे सेल देऊ नयेत.

चोच आणि डबी माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवली आहे. मित्र अजून मागायला आलेला नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, नागपूर