हमीपत्रावर मिळालेले पाणी

महोदय,

पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतील पाणीटंचाईच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, हंडा मोर्चे निघतात, टँकरच्या फेऱ्या वाढवण्याचे आश्वासन मिळते आणि पाऊस सुरू झाला की विषय मागे पडतो. या टंचाईला धरणसाठ्यापेक्षाही बांधकाम परवानगीची पद्धत अधिक कारणीभूत आहे, असे माझे स्पष्ट मत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

पुणे महापालिकेत ऑक्टोबर 2017 मध्ये 11 आणि 30 जून 2021 रोजी 23 गावे घेण्यात आली. त्यांपैकी उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे पुढे वेगळ्या नगर परिषदेसाठी वगळली गेली; उरलेली महापालिकेकडेच आहेत. मात्र 2021 मध्ये आलेल्या 23 गावांच्या नियोजनाचे अधिकार शासनाने लगेचच पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (पीएमआरडीए) दिले आणि पाणी, सांडपाणी व रस्त्यांची जबाबदारी महापालिकेवर राहिली. कोणत्या शेतावर निवासी वस्ती उभी राहणार हे एका संस्थेने ठरवायचे आणि तिथे जलवाहिनी दुसऱ्या संस्थेने न्यायची, अशी ही वाटणी होती. पीएमआरडीएने ऑगस्ट 2021 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा रद्द करण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. दरम्यानच्या काळात इमारती मात्र उभ्या राहत होत्या.

जलवाहिनी नसलेल्या भागात परवानगी देताना विकसकाकडून हमीपत्र घेतले जाते, की महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत रहिवाशांना तो स्वखर्चाने पाणी पुरवील. हे हमीपत्र परवानगीच्या फाईलला लागते, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) मिळते आणि सोसायटी नोंदणीकृत होऊन कारभार रहिवाशांकडे आला की टँकरचे बिल मासिक देखभाल खर्चात येऊन बसते. आमच्या सोसायटीत नेमके हेच घडले. पहाटे टँकर येतो, रखवालदार फाटकाजवळच्या वहीत गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहितो, जाड नळी तळटाकीत सोडली जाते. पाणी कोणत्या विहिरीचे, याचा रकाना त्या वहीत नाही. हमीपत्राची प्रत मागितल्यावर विकसकाने ती जबाबदारी हस्तांतरणाबरोबर संपली असे तोंडी सांगितले.

हिशेब साधा आहे. माणशी रोज 135 लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष धरला आणि एका घरात चार माणसे मानली, तर 300 सदनिकांच्या संकुलाला दिवसाला 1,62,000 लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे सोळाहून अधिक टँकर. असे संकुल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला हा गुणाकार येत नसेल, असे मानणे अवघड आहे.

टँकर आणि विहिरींवर विसंबण्याची किंमत केवळ पैशात मोजावी लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे दूषित पाण्यातील जंतुसंसर्गानंतर होऊ शकणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण आढळू लागले आणि एकूण संख्या दोनशेच्या पुढे गेली. त्या वेळी नांदेडच्या विहिरीची चर्चा झाली, कारण तिथले पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन टाकून घरोघर जात होते. खडकवासला धरणाच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांना शुद्ध केलेले पाणी मिळू नये, याला निसर्ग जबाबदार नाही.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित क्षमता सुमारे 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्याच साठ्यावर दौंड आणि इंदापूरपर्यंतची शेतीही अवलंबून आहे. महापालिका मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलते, असा जलसंपदा विभागाचा आक्षेप जुनाच आहे. अशा वेळी शेतजमीन निवासी करण्याचा प्रत्येक निर्णय हा याच साठ्यावर नवा हक्क सांगणारा निर्णय असतो, पण आराखड्याच्या नकाशात तसा तो कुठेच दिसत नाही. पाण्याच्या टाकीसाठी आरक्षण दाखवले म्हणजे टाकी झाली असेही नाही. जागा बहुधा खासगी असते, मोबदल्यावरून वर्षे जातात, आणि आराखडा मंजूर होऊन दहा वर्षे उलटल्यावर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली मालकाने नोटीस दिली व 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षणच व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते.

पाण्याअभावी परवानग्या थांबवल्या तर घरे महागतील आणि विनापरवाना इमारतींचे पेव फुटेल, हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना गुंठ्या-दोन गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या इमारती पाहता ती भीती खरी आहे. म्हणूनच अट एकेका इमारतीवर घालण्याआधी जमीन वापर बदलाच्या टप्प्यावर घालावी: ज्या गावासाठी पाण्याचा स्रोत, टाकीची ताब्यात आलेली जागा आणि मुख्य वाहिनीची तरतूद दाखवता येत नाही, तिथे नवा निवासी विभाग दाखवू नये. आधीच मंजूर झालेल्या प्रकल्पांबाबत भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी जलवाहिनीची जोडणी सक्तीची करावी, आणि त्या गावातून जमा होणारे विकास शुल्क प्रथम त्याच गावाच्या वाहिनीवर खर्च करावे.

मार्च 2022 नंतर दीर्घकाळ महापालिकेत प्रशासक होते, त्यामुळे हे प्रश्न सभागृहात विचारायला कोणी नव्हते. तूर्त महापालिकेने किमान आजवर घेतलेली सर्व हमीपत्रे गावनिहाय संकेतस्थळावर टाकावीत, म्हणजे कोणत्या सोसायटीला पाणी देण्याचे कोणी लिहून दिले होते, हे तिथल्या सभासदांना माहितीचा अधिकार न वापरता वाचता येईल.

आपला,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे