स्कोअरबुकात न आलेले बॉल

न्यू जर्सी, ऑक्टोबर

प्रिय दादा,

आईबाबांना नमस्कार सांग, त्यांना हे वाचून दाखव आणि झालं की फोटो काढून सावंतवाडीला ताईला पाठव, तिला वेगळं लिहायला या आठवड्यात जमणार नाही. पुनव जवळ आली म्हणजे घरात पाहुण्यांची गडबड असणार, तरी तू एकदा निवांत बसून वाच कारण हे पत्र खरं म्हणजे तुझ्यासाठीच आहे. फोनवर सांगायला गेलो तर तू "बरं बरं, जेवलास काय" म्हणून विषय संपवतोस.

आमचा बेसबॉलचा सीझन संपला. एप्रिलपासून दर रविवारी खेळतोय, टीममध्ये सगळी नोकरीधंदा सांभाळून येणारी माणसं, कोण प्लंबर, कोण शाळेत मास्तर, दोघं ट्रक चालवतात. मी कधीतरी राईट फिल्डला उभा राहतो पण माझं मेन काम स्कोअरबुक लिहिणं, आणि ते मला लहानपणापासून किती आवडतं ते तुला सांगायला नको.

सीझन संपला की इथे टीमची बक्षिसं असतात. नावं सगळी मोठ्या लीगवरून घेतलेली. तिकडे बेस्ट पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, साय यंग अवॉर्ड १९५६ पासून देतात, चांगल्या फिल्डिंगला गोल्ड ग्लव्ह १९५७ पासून, आणि सगळ्यात मोठा एमव्हीपी म्हणजे मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर, तो पत्रकार मतं देऊन ठरवतात. आमच्यात पत्रकार कुठले, खेळाडूच चिठ्ठ्या टाकतात. त्याआधी कॅप्टन मला सांगतो की सगळ्यांचे आकडे काढून आण.

तर मी तीन रात्री बसून आकडे काढले. बेसबॉलमध्ये दहा वेळा बॅट मारून तीनदा हिट मिळाली की .३०० म्हणतात आणि तेवढ्यात माणूस चांगला बॅटर ठरतो, मोठ्या लीगमध्ये १९४१ ला टेड विल्यम्सने .४०६ केली होती त्याचं नाव अजून काढतात. आमचा शॉर्टस्टॉप (आतल्या फळीतला एक फिल्डर) सगळ्यांच्या वर होता, पोरगं खरंच सुंदर खेळतं, एमव्हीपी त्यालाच जाणार हे सगळे धरूनच चालले होते. आणि यादीच्या पार खाली आमचा कॅचर. वय सेहेचाळीस, गुडघे दुखरे, बॅटिंग अगदीच साधी.

दादा, कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, पण अंगावर मास्क, छातीला प्रोटेक्टर, पायाला गार्ड, आणि प्रत्येक बॉलला उकिडवं बसायचं. एका मॅचला शंभर-सव्वाशे वेळा उठबस, ती पण जुलैच्या उन्हात. कुठला बॉल टाकायचा ते बोटांनी पिचरला तोच सांगतो. रन काढायला एकेक करून चार बेस गाठायचे असतात, त्या बेसवर कोण नसताना बॉल जमिनीवरून जवळच्या फिल्डरकडे गेला की हा सगळा सरंजाम घालून फर्स्ट बेसच्या मागे धावत जातो, कारण थ्रो चुकलाच तर अडवायला कोणीतरी पाहिजे. बहुतेक वेळा थ्रो बरोबर येतो आणि हा परत चालत येऊन बसतो. स्कोअरबुकात याला रकाना नाही.

प्लेऑफच्या मॅचला शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने पुढे होतो, दोन आऊट, त्यांचा माणूस थर्ड बेसवर, बॉल मागे सुटला तर रन आणि मॅच बरोबरीत. पिचरने टाकलेला कर्व्ह, म्हणजे वळणारा बॉल, बॅटरपर्यंत पोचायच्या आधीच मातीत पडला. कॅचरने दोन्ही गुडघे खाली टाकून छातीवर घेतला, बॉल समोरच एक हातावर मेला. पुढच्या बॉलला कॅच उडाला, संपलं. रात्री मी बुक उघडून बघितलं, त्या बॉलसाठी मी एक टिंब काढलं होतं. बॉल सुटला असता तर वाईल्ड पिच (पिचरची चूक) नाहीतर पास्ड बॉल (कॅचरची चूक) म्हणून नोंद झाली असती, अडवला म्हणून काहीच नाही.

आणि मला एकदम आपलं शेत आठवलं. भात कापून झाल्यावरचं, मेरेवर बसून मी स्कोअर लिहायचो आणि तू ग्लव्ह्ज नसताना स्टंपला चिकटून उभा. तुझं डाव्या हाताचं बोट तेव्हा वाकलं ते वाकलंच. टूर्नामेंट संपली की वाड्यावरची मोठी माणसं माझ्याकडून वही घ्यायची, बेस्ट बॅट्समन, बेस्ट बॉलर, मॅन ऑफ द सिरीज, सगळं माझ्या वहीवरून ठरायचं. कीपरचं माझ्या वहीत काय होतं, तर बाय. जेवढे बॉल सुटले तेवढे मी प्रामाणिकपणे लिहिले आणि जे अडवलेस त्यातला एकसुद्धा लिहिला नाही. एवढी वर्षं हे माझ्या लक्षात आलं नाही रे. तू पण कधी बोलला नाहीस, बक्षीस समारंभाला खुर्च्या लावायचास.

म्हणून या वेळी कॅप्टनच्या अंगणात सगळे जमले तेव्हा (मी शागोती करून नेली होती, पातेलं पुसून खाल्लं हे आईला सांग) चिठ्ठ्या टाकायच्या आधी मी उभा राहिलो आणि म्हटलं की आकडे माझे आहेत पण त्यात काय नाही तेवढं ऐका. तो मातीतला बॉल सांगितला, फर्स्ट बेसकडची धाव सांगितली. न्यूयॉर्क यँकीजचा कॅचर योगी बेरा, त्याला एमव्हीपी तीन वेळा मिळाला, १९५१, १९५४ आणि १९५५ ला, तो इथेच न्यू जर्सीत राहायचा आणि त्याचं म्युझियम पण जवळच आहे, तेही सांगितलं. पिचर लोक लगेच माना हलवायला लागले, त्यांना तर रोजचं माहीत.

चिठ्ठ्या मोजल्या तर कॅचर पुढे. टाळ्या पहिल्या कोणी वाजवल्या असतील तर त्या शॉर्टस्टॉपने. कॅचर उठला, ट्रॉफी घेतली, बोलायला काही जमलंच नाही त्याला, बायकोच्या हातात ट्रॉफी देऊन ग्रिलवरचं मांस उलटायला गेला. मला तूच दिसलास तिथे.

त्या मॅचचा बॉल त्याला द्यायचा होता, त्याने तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला तुझ्या भावाला पाठव, कारण मी तुझं सगळं सांगून बसलो होतो. बॉलवर सगळ्यांच्या सह्या आहेत. लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात, आजीच्या जपमाळेएवढे, बाबांना मोजायला दे. डिसेंबरमध्ये मी येतोय, गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरलो की घर किती जवळ, बॅगेत वरच ठेवतो.

एक काम कर. माझ्या त्या जुन्या स्कोअरच्या वह्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असतील, वाळवी लागली नसेल तर काढून ठेव. आलो की दोघं बसू, तुला आठवतील ते कॅच आणि स्टंपिंग सांग, मी लिहून घेतो.

वहिनीला नमस्कार आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा