कॅमेऱ्याचे उत्पन्न घटणे हेच त्याचे यश

महोदय,

शाळांच्या परिसरात वेगमर्यादा मोडणारी वाहने टिपून मालकाला दंडाची नोटीस धाडणारे स्वयंचलित कॅमेरे म्हणजे सरकारी तिजोरी भरण्याचा उद्योग आहे, असा आक्षेप सातत्याने घेतला जातो. मी या कॅमेऱ्यांच्या बाजूचा आहे. पण हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे माझे मत आहे.

कॅमेरे का हवेत, हे साध्या हिशेबाने कळते. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे 14 मीटर अंतर कापते. मूल रस्त्यावर धावत आलेले दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर हे 14 मीटर ब्रेक लागण्याआधीच संपलेले असतात. ताशी 30 किलोमीटर वेगाचे वाहन कोरड्या रस्त्यावर साधारण तेवढ्याच अंतरात पूर्ण थांबते. म्हणजे एक वाहन जिथे मुलापासून हातभर अंतरावर उभे राहते, तिथे दुसरे मुलाला पूर्ण वेगाने धडकते. त्यातच लहान मुलांना समोरून येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज मोठ्यांसारखा येत नाही आणि रस्त्याकडेला उभ्या गाड्यांच्या आडून ती चालकालाही दिसत नाहीत. पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे ताशी 30 ची मर्यादा असावी, असे रस्ता सुरक्षेवरील जागतिक परिषदेच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे, ते उगीच नव्हे.

मर्यादेचा फलक लावणे सोपे, ती पाळली जाते की नाही हे पाहणे अवघड. पोलीस उभा असेपर्यंत वेग कमी राहतो आणि प्रत्येक शाळेपाशी रोज पोलीस उभा करणे कोणत्याही शहराला परवडत नाही. कॅमेरा थकत नाही आणि ओळखपाळखही पाहत नाही. (वेग मोजणारे असे उपकरण रूढ करणारे डच गृहस्थ मॉरिस गॅट्सोनिडेस स्वतः शर्यतींत गाडी चालवत, आणि आपल्याला वळणावर आणखी वेगाने कसे जाता येईल, हे मोजण्याच्या खटाटोपातून ते उपकरण जन्मले, ही यातली गंमत.)

आता आक्षेपाविषयी. कॅनडातील टोरांटोमध्ये शाळांजवळ कॅमेरे बसवल्यावर मर्यादा ओलांडणाऱ्या वाहनांचे प्रमाण 45 टक्क्यांनी घटल्याचे तेथील बालरुग्णालयाच्या संशोधकांनी 2025 च्या जुलैत दाखवून दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोरांटो ज्यात येते त्या ऑन्टारिओ प्रांताने हे कॅमेरे कायद्याने सरसकट बंद केले, आणि ते लोकांकडून पैसे उकळतात, हेच कारण पुढे केले. निर्णय मला चुकीचा वाटतो. पण उपाय गुणकारी असूनही लोकांचा त्यावरचा विश्वास उडाला की तो टिकत नाही, एवढे त्यातून शिकायला हवे. न्यूयॉर्कमध्येही 2018 च्या उन्हाळ्यात कायद्याची मुदत संपल्याने शाळांजवळचे बहुतेक कॅमेरे बंद पडले होते आणि शाळा उघडण्याच्या तोंडावर धावपळ करून ते पुन्हा सुरू करावे लागले. पुढे 2022 च्या ऑगस्टपासून तेथील कॅमेरे दिवसरात्र चालू लागले. शाळेची घंटा झाली की रस्ता सुरक्षित होतो, असे थोडेच आहे?

विश्वास टिकवायचा असेल तर कंत्राटाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅमेरे चालवणाऱ्या कंपनीला प्रत्येक नोटिशीमागे पैसे मिळत असतील, तर वाहनचालक शहाणे होणे तिला परवडणारच नाही. म्हणून मोबदला ठरावीकच असावा. कॅमेरा आहे हे सांगणारा फलक आधीच आणि ठळक दिसेल असा असावा, झाडाच्या फांदीआड नव्हे. नोटीसही काही दिवसांतच हाती पडावी, कारण ती महिन्याने आली तर तोवर तो चालक त्याच रस्त्याने, त्याच वेगाने वीस वेळा गेलेला असतो. नोटीस मालकाला जाते आणि गाडी चालवणारा दुसराच असू शकतो, हे खरे; म्हणूनच न्यूयॉर्कमध्ये अशा नोटिशीवर केवळ दंड होतो, परवान्यावर ठपका येत नाही. ही तडजोड मला रास्त वाटते.

एखाद्या शाळेपाशी वर्ष उलटूनही नोटिशींची संख्या घटत नसेल, तर दोष केवळ चालकांचा नसतो. रुंद, सरळ, मोकळा रस्ता वेगाला आमंत्रणच देतो, मग फलकावर काहीही लिहिलेले असो. तिथे दंडाचा पैसा त्याच रस्त्यावर खर्च व्हावा: रस्ता अरुंद करावा, पादचाऱ्यांसाठी उंचवट्याचा ओलांडपट्टा बांधावा, पदपथ सलग करावा. आणि प्रत्येक कॅमेऱ्याने दर महिन्याला किती नोटिसा काढल्या, बसवण्यापूर्वी व नंतर तिथला सरासरी वेग किती होता आणि जमा झालेली रक्कम कुठे गेली, हे आकडे प्रशासनाने न मागता प्रसिद्ध करावेत, एवढीच माझी मागणी आहे.

आपला,
एक पालक