न दिसणारे घोडे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "अरे, हॅरी पॉटर म्हणजे पोरांची पुस्तकं ती. मोठ्या माणसांनी एवढं वेडं व्हावं असं काय आहे त्यात?" मी "सांगतो निवांत" म्हणून विषय बदलला. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते फोनवर मावलं नसतं. शिवाय तुझा मुलगा त्याच पुस्तकांत डोकं खुपसून बसतो आणि तू बाहेरून काळजी करतोस, हे मला फार जिव्हारी लागलं. म्हणून हे पत्र.

गेले काही महिने मी लेकीला रोज रात्री हॅरी पॉटर वाचून दाखवतोय. सध्या पाचवा भाग चाललाय. आई शेजारच्या खोलीत असते. सुरुवातीला आमच्या आवाजाने झोपमोड होते म्हणून ती दार लोटून घ्यायची. मग दार उघडं राहायला लागलं. आता ती खुर्ची ओढून आमच्याजवळच येऊन बसते, आणि मला उशीर झाला तर "आज वाचन नाही का?" असं तीच विचारते.

गेल्या आठवड्यात थेस्ट्रलचं प्रकरण आलं. तू वाचलं नाहीस म्हणून सांगतो. हॉगवर्ट्सच्या शाळेत मुलांना नेणाऱ्या बग्ग्या आधीच्या भागांत आपोआप चालतात. जादूची शाळा आहे, तेव्हा चालत असतील, असं म्हणून आपण पुढे जातो. पाचव्या भागाच्या सुरुवातीला हॅरी स्टेशनबाहेर येतो आणि त्याला दिसतं की बग्ग्यांना घोडे जुंपलेत. काळे, हाडं वर आलेले, पांढऱ्या डोळ्यांचे, पंख असलेले. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला, रॉनला, मात्र काहीच दिसत नाही. पुढे वर्गात उलगडा होतो. ज्याने कुणाला मरताना पाहिलंय, त्यालाच हे घोडे, म्हणजे थेस्ट्रल, दिसतात. चौथ्या भागाच्या शेवटी हॅरीच्या डोळ्यांदेखत त्याच्या शाळेतला एक मुलगा मारला गेलेला असतो. घोडे आधीपासून तिथेच होते. बदलला होता तो बघणारा.

लेकीने पुस्तकावरून मान वर केली आणि विचारलं, "आजी, तुला दिसले असते?" बाबा गेले तेव्हा आई त्यांच्या उशाशी बसलेली होती, तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, "हो, मला दिसले असते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पुढे वाच रे." मी वाचत राहिलो. पण त्या रात्री तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला समोर बसलेलं दिसलं. एकच पान, ऐकणारे तिघे. लेकीच्या दृष्टीने ती एका अजब प्राण्याची गोष्ट होती. माझ्या दृष्टीने ती एका मुलाचं बालपण संपल्याची गोष्ट होती. आईसाठी तर ती गोष्टच नव्हती.

लोक म्हणतात, मोठी माणसं पुन्हा लहान होण्यासाठी ही पुस्तकं वाचतात. मला हे अजिबात पटत नाही. लहान व्हायचं असेल तर त्याला सोप्या वाटा आहेत. या मालिका मोठ्यांना धरून ठेवतात कारण त्या मुलांशी खोटं बोलत नाहीत. मरण आहे, अन्याय आहे, आई-बाप चुकतात, चांगली माणसंही घाबरतात, हे सगळं त्या मुलांना समजेल अशा भाषेत, पण कमी न करता सांगतात. आणि कमी न करता सांगितलेलं मोठ्यांनाही पुरतं.

याच भागातलं नववं प्रकरण बघ. 2003 साली हे पुस्तक आलं तेव्हा मी ते भरभर वाचून पुढे गेलो होतो. त्यात बोगार्ट नावाचा एक प्राणी आहे. समोरच्या माणसाला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, त्याचं रूप तो घेतो. तिसऱ्या भागात हाच बोगार्ट वर्गात येतो तेव्हा मुलं हसून हसून बेजार होतात. इथे मात्र रॉनची आई, मिसेस वीझ्ली, एकटीच एका खोलीत लिहायच्या टेबलातला बोगार्ट घालवायला जाते. तिच्यासमोर जमिनीवर रॉन मरून पडलेला दिसतो. ती रडत रडत मंत्र म्हणते, की रॉनच्या जागी थोरला मुलगा. मग नवरा. मग जुळी मुलं. एकामागून एक. घर भरून माणसं असतात, पण ती त्या क्षणी एकटी असते.

विशीत मला वाटलं होतं, हे कशाला मध्येच? लढाई कधी सुरू होणार? या वेळी मोठ्याने वाचताना माझा आवाज अडकला. लेक शेजारी लोळत होती आणि तिला कळेना की बाबा थांबला का. लिहिणाऱ्या बाईंनी, जे. के. रोलिंग यांनी, ते पान 2003 मध्येच माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं. त्या पानाच्या वयाचा व्हायला मलाच इतकी वर्षं लागली.

पहिल्या भागातही अशी एक जागा आहे. मनातली सर्वात खोल इच्छा दाखवणाऱ्या आरशात हॅरीला त्याचे मेलेले आई-बाप दिसतात. तो शाळेच्या म्हाताऱ्या मुख्याध्यापकांना, डंबलडोरना, विचारतो, तुम्हाला काय दिसतं? ते म्हणतात, लोकरीच्या मोज्यांची जोडी. मुलं इथे खदखदून हसतात. सातव्या भागात त्या म्हाताऱ्याच्या मेलेल्या बहिणीची हकिगत कळते, आणि मग ते मोजे आठवून हसू येत नाही. दोन्ही पुस्तकांमध्ये 10 वर्षांचं अंतर आहे, 1997 आणि 2007. पहिला भाग अकराव्या वर्षी वाचणारं मूल शेवटच्या भागापर्यंत एकवीस वर्षांचं झालं. मालिकेची खरी ताकद मला इथे दिसते. एकटं पुस्तक वाचकाला एकाच वयात भेटतं. मालिका त्याच्याबरोबर चालते, थांबते, त्याला वाट बघायला लावते. चौथ्या आणि पाचव्या भागामध्ये जवळपास तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत वाचणारी मुलं बदलली, आणि पुस्तकही तेवढंच बदलून आलं: जाड, रागीट, अंधारं.

तू म्हणशील, हा सगळा जाहिरातीचा आणि सिनेमाचा प्रताप. पहिला सिनेमा 2001 चा. तोवर चार भाग येऊन गेले होते. पहिल्या भागाच्या पहिल्या आवृत्तीत पुठ्ठा बांधणीच्या 500 प्रती छापल्या होत्या, कुणाला काही अंदाज नव्हता. 1998 मध्ये प्रकाशकाने मोठ्यांसाठी वेगळं, गंभीर मुखपृष्ठ काढलं, म्हणजे मोठे वाचक आधीच आले होते, मुखपृष्ठ मागून आलं. जाहिरात माणसाला पहिल्या पानापर्यंत आणते. सातशेव्या पानापर्यंत नाही.

आणि हे काही या एका मालिकेचंच नाही. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या 'द हॉबिट' या मुलांच्या पुस्तकाची एक हकिगत मला फार आवडते. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या 10 वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. मुलांची पुस्तकं मुलांनीच पारखावीत असं त्यांचं मत होतं. रेनरने एक शिलिंग घेऊन अभिप्राय लिहिला: पुस्तक चांगलं आहे, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. 1937 मध्ये ते छापलं गेलं. पुढे त्याच जगाची दुसरी, अवाढव्य कथा, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', टॉल्किननी बरीच वर्षं लिहून पूर्ण केली, आणि पैसे बुडतील हे दिसत असूनही ती छापायचा आग्रह धरला तो याच रेनरने. आता तो वडिलांच्या प्रकाशनसंस्थेत काम करणारा तरुण होता. ती 1954-55 मध्ये तीन खंडांत आली. पाच ते नऊ म्हणणाऱ्या त्या पोराला मोठेपणीही ते जग सोडवलं नाही, यातच मला सगळं आलं असं वाटतं.

अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन तर याहून पुढे गेल्या. त्यांच्या अर्थसी मालिकेचे पहिले तीन भाग 1968 ते 1972 मध्ये आले. तिसऱ्याच्या शेवटी नायक आपली सगळी जादू खर्ची घालतो. तिथेच संपलं असतं तरी चाललं असतं. पण 1990 मध्ये त्या परत आल्या आणि विचारलं, शक्ती गेल्यावर तो माणूस काय करतो? तो बकऱ्या राखतो. आणि ती कथा एका मध्यमवयीन विधवेच्या नजरेतून सांगितली आहे. मुलांच्या मालिकेत! काही वाचक नाराज झाले. मला मात्र तो भाग या चार भागांत सर्वांत धीट वाटतो.

बाकी, तुझ्या मुलाला हे वाचू दे. पण त्याहून जास्त मला असं वाटतं की तू त्याच्याबरोबर वाच. तो शाळेत गेला की चोरून नको, त्याच्याशेजारी बसून, मोठ्याने. तो हसेल तिथे तू हसणार नाहीस, तू थांबशील तिथे तो तुझ्या तोंडाकडे बघेल. त्या वेळी त्याला लगेच काही समजावून सांगू नकोस. एवढी माझी विनंती आहे.

वहिनींना नमस्कार, मुलाला आशीर्वाद. आता थांबतो. नऊ वाजून गेलेत, आई खुर्ची घेऊन आलीय, आणि लेकीने खूण काढून पान उघडून ठेवलंय.

तुझाच,
जुना सोबती