दिवाळीतला किल्ला खेळायचा पण करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की सोसायट्यांमधे किल्ल्यांच्या स्पर्धा सुरू होतात, आपल्या पेपरात फोटो येतात, बघून खरंच बरं वाटतं. मातीचे किल्ले हवेतच, पण ज्यावर मावळे हलवून लढाई खेळता येईल असा पण एखादा किल्ला मुलांना करू द्या ना. मिनिएचर वॉरगेम, म्हणजे छोट्या सैनिकांच्या बाहुल्या टेबलावर हलवून लढाईचा खेळ, खेळणारे असं मैदान फोमचं बनवतात, त्याला टेरेन म्हणतात. हे आजकालचं फॅड नाहीये, १८१२ मधे प्रशियाच्या (जुनं जर्मन राज्य) राजाला राइसविट्झ नावाच्या माणसाने असंच टेबल करून दिलं होतं, डोंगर-नद्यांचे तुकडे पाहिजे तसे जुळवायचे आणि त्यावर लढायचं, पुढे त्याच्या मुलाने नियम सुधारले आणि लष्करातले अधिकारी त्यावर शिकायला लागले.

आम्ही घरी घोडखिंड केली. १३ जुलै १६६० ची लढाई पोरांना तोंडपाठ असते पण बाजीप्रभूंनी तीच जागा का धरली हे विचारा, बरेचजण गप्प बसतात. आम्ही दोन कड्यांमधे १० सेंमी जागा ठेवली, मावळ्याचा बेस, म्हणजे पायाखालची चकती, २५ मिमीचा, म्हणजे एका रांगेत चारच मावतात, समोर फौज कितीही असू दे भिडणार चारच. पुतणीला हे पहिल्याच डावात कळलं आणि ती खिंड सोडायलाच तयार होईना!

आपला सह्याद्री तर फोमसाठीच असल्यासारखा आहे, काळ्या कातळाचे आडवे थर, एकावर एक. गच्चीच्या इन्सुलेशनला ते निळे-गुलाबी एक्सपीएस बोर्ड लावतात ना, ते एकावर एक चिकटवायचे, कडा कापायच्या नाहीत, हाताने मोडायच्या, मग डोंगरकडा अस्सल दिसतो. चुरगळलेल्या फॉइलचा गोळा त्यावर दाबून फिरवला की दगडाचा खरखरीतपणा येतो. सरळ उतार मात्र देऊ नका, मावळे घसरतात, बेस नीट बसेल एवढ्या रुंद पायऱ्या ठेवा. रंगाआधी फेविकॉलमधे काळा अॅक्रिलिक मिसळून सगळीकडे हात मारायचा, कारण स्प्रे पेंट डायरेक्ट मारला तर फोम विरघळतो. आणि गरम तारेचं कटर मोठ्यांनीच वापरा, खिडक्या उघड्या ठेवून, तो धूर विषारी असतो, हे प्लीज कोणी हलक्यात घेऊ नका.

आता लोक म्हणतील थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे आणि तुम्ही फोम काय सांगताय. बरोबर आहे, एक्सपीएस पण त्याच जातीचं प्लास्टिक, कुजत नाही. म्हणूनच नवीन शीट आणायचीच नाही. बांधकामाच्या साईटवर या बोर्डांचे कापलेले तुकडे कचऱ्यात जातात, तेच वापरायचे, आणि टेरेन सणानंतर टाकायचं नसतं, नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं खेळता येतं.

तर बिल्डर आणि कॉन्ट्रॅक्टर मंडळींना विनंती की हे तुकडे फेकण्याआधी जवळच्या सोसायटीतल्या पोरांना विचारा. आणि स्पर्धा घेणाऱ्यांनी यावर्षी खेळता येणाऱ्या किल्ल्यांचा वेगळा गट ठेवून बघा, परीक्षकांनी मार्क देण्याआधी मुलांबरोबर एक डाव खेळायचा, एवढाच नियम.

आपला,
एक वाचक, पुणे